वीस जूनची मुलगी

माझ्या लेकीचे वाढदिवस दोन. नऊ जानेवारीचा खरा आणि वीस जूनचा कागदावरचा. खऱ्या दिवशी मी घरी औक्षण करायची, कागदावरच्या दिवशी ती शाळेत टॉफ्या वाटायची. लहानपणी तिला याची मोठी गंमत वाटे.

ही करामत माझी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती जन्मली खानदेशात. जन्माचा दाखला तिथल्या नगरपालिकेत पडून राहिला, कोणी आणलाच नाही. इकडे उज्जैनला मला फ्रीगंजमधल्या बँकेत रुजू व्हायचं होतं, आणि शाळेच्या हिशेबाने पोरगी सहा महिने लहान पडत होती. शाळेतला बाबू म्हणाला, "मैडम, शपथपत्र में पिछला जून लिख दो, सब यही करते हैं." मी लिहिलं. पोरीचं एक वर्ष वाचलं, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. खरं तर वर्ष माझं वाचलं होतं.

दहावीचा फॉर्म भरताना तिने विचारलंही होतं, "आई, आता तरी तारीख ठीक करून टाकायची का?" मी म्हटलं, "राहू दे गं, कोण विचारतंय."

विचारलं फुटबॉलने. ती डाव्या पायाने खेळायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्या पायात चेंडू आला की मैदानाबाहेरची माणसं बोलायची थांबत, एवढं मला दिसायचं. राज्याच्या संघातून तिचं नाव पुढे गेलं. सतरा वर्षांखालच्या मुलींची जागतिक स्पर्धा होती आणि देशाच्या संघाचं शिबिर लागणार होतं. नियम असा, की मुलगी अमुक वर्षाच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेली हवी. खऱ्या तारखेने माझी लेक त्यात बसत होती. कागदाने सहा महिने बाहेर होती.

मी माहेरी फोन करून दाखला मागवला. तिच्या फुटबॉलच्या सरांनी दाखला आणि दहावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवली.

"लोग उमर घटाते हैं मैडम, आपने बढ़ा दी?" मग हळूच म्हणाले, "अब सच्चा कागज़ ही झूठा लगेगा. आप लिखकर दे दो कि स्कूल में गलत तारीख आपने लिखवाई थी. मैं ऊपर बात करता हूँ. पन्द्रह दिन हैं."

एवढंच करायचं होतं. मी खोटं लिहिलं होतं, हे खरं लिहून द्यायचं. देवास गेटजवळच्या एका वकिलाकडून मी मजकूर टाइप करून आणला आणि पर्समध्ये ठेवला. बँकेत माझं टेबल कागद तपासायचं. आधारवर एक तारीख आणि पॅनवर दुसरी घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना मी रोज परत पाठवत असे, वर दोन शब्द सुनावतही असे. तीच मी खोट्या शपथपत्रावर सही केली होती, हे शाखेत कळलं तर? नोकरीवर आलं तर? घरी नवरा म्हणाला, "तू ठरव." मी रोज सकाळी ठरवत होते आणि रोज संध्याकाळी पर्स तशीच खुंटीला लावत होते. चौदा दिवस गेले. मी भित्री आहे, याला दुसरं नाव नाही.

पंधराव्या दिवशी आम्ही दोघी मैदानावर गेलो. सरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी म्हटलं, "सर, दोन दिन और..."

सरांनी हात मागे घेतला आणि लेकीला विचारलं, "बेटा, तू ही बता. पैदाइश कब की है तेरी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन चाळवत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिने ते वाचलं.

"बीस जून, सर," ती म्हणाली. "मार्कशीट वाली सही है."

परत येताना स्कूटीवर मागे बसून ती म्हणाली, "आई, दही संपलंय, घेऊन जाऊ." मी दही घेतलं.

स्पर्धा तिने टीव्हीवर पाहिली, आपल्या संघाचे सगळे सामने. राष्ट्रगीताला खुर्चीतून उठून उभी राहायची. मी स्वयंपाकघरातच थांबायची. ते पत्र अजून कपाटात आहे, सहीची जागा कोरी.

या नऊ जानेवारीला मी नेहमीसारखं ताट तयार केलं. निरांजन लावलं, सुपारी, अंगठी, अक्षता ठेवल्या, पाट मांडला आणि हाक मारली. ती आली, पण पाटावर बसली नाही. रागावलेलीही नव्हती. माझ्या हातातलं ताट तिने अलगद खाली ठेवलं.

"आता जूनमध्ये करत जा, आई," ती म्हणाली. "मी सरांना तेच सांगितलंय ना."