दुधाच्या दातांवरून

“घाला की तुमच्या मनानं, मला कुटं आता लगीन करायचंय,” असं येडू एकदा म्हणाला होता.

माळशिरसजवळच्या त्याच्या गावात, शाळेच्या व्हरांड्यात आधार कार्डाचं शिबिर होतं. संगणकापुढचा माणूस जन्मतारीख विचारत होता. मागं रांग होती, बाहेर बाभळीखाली येडूची मेंढरं होती. माणसानं मान वर करून एकदा त्याच्याकडं पाहिलं. पांढऱ्या मिशा, उन्हानं चुरगळलेलं कपाळ. त्यानं एक जानेवारी एकोणीसशे एकोणपन्नास असं टाकलं आणि बोटं काचेवर ठेवायला सांगितली. त्या दुपारी येडू त्रेसष्ट वर्षांचा झाला.

त्याआधी त्याला वय नव्हतं. मेंढरांना होतं. खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा आणि पाहायचं. नुसते दुधाचे दात असले तर आदत. दोन मोठे दात आले की दोनदाती, मग चारदाती, मग पुढं. अकलूजच्या बाजारात ओळखीचे लोक विकत घ्यायचं जनावर आधी येडूला दाखवायचे. तो तोंडात बघून सांगायचा, आणि विकणारा हुज्जत घालायचा नाही. त्याचं स्वतःचं तोंड कुणी तसं उघडून पाहिलं नव्हतं.

कार्ड ट्रंकेत पडून राहिलं. मग दोन वर्षांपूर्वी त्या कार्डावर पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि एसटी फुकट झाली. कंडक्टर कार्ड बघून शून्याचं तिकीट फाडायचा, “बसा आजोबा,” म्हणायचा. येडूला ते आवडायला लागलं. काही काम नसताना तो वेळापूरला थोरल्या बहिणीकडं, चिमाबाईकडं जायचा, ओट्यावर बसायचा आणि परत यायचा. हळूहळू तो कार्डावर विश्वास ठेवायला लागला. उठताना गुडघ्यावर हात टेकायला लागला. कुणी न शिकवता ते येतं. मेंढरं त्यानं पुतण्याच्या हवाली केली. “पंच्याहत्तरी झाली गड्या, आता ह्येंच्या मागं पळणं हुईत न्हाय.”

पळणं होत नव्हतं हे खरंच होतं. घास गोड लागत नव्हता. अंग उगाच घामानं भिजायचं, आणि सकाळी उठल्या उठल्या दिवस संपल्यासारखं वाटायचं. ह्या वयात असंच असणार, असं त्यानं धरलं. मानेत दोन गाठी आल्या तरी तो कुणाला काही बोलला नाही. थकवा वयाचा आहे असं एकदा ठरलं की माणूस त्याला उठून पाणीसुद्धा विचारत नाही, घरातल्या माणसासारखा राहू देतो.

गाठी पाहिल्या विजयमालानं, त्याच्या लेकीनं. ती सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. तो तिच्याकडं आला होता आणि उपरण्यानं मान पुसत होता. तिनं उपरणं ओढलं. त्यानंतरचा दीड महिना तिचा अर्ध्या अर्ध्या रजांत गेला. गाठीचा तुकडा काढला, तो तपासायला पाठवला, मग मोठं मशीन, मग परत या, परवा या. तिच्या डोळ्यांखाली आता कायमची सावली होती, आणि ती सावली जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं, तिलाही नाही.

त्या सोमवारी ते डॉक्टर धनलक्ष्मींच्या खोलीत बसले होते. टेबलावर फाइल होती, फाइलवर आधार कार्ड. डॉक्टरीण बाई सावकाश बोलत होत्या. गाठींचा कॅन्सर आहे, त्यातला फार कमी दिसणारा प्रकार, मॅन्टल सेल लिम्फोमा म्हणतात.

“बहुतेकांना साठी ओलांडल्यावर होतो. पासष्टच्या आसपास. आजोबांना जरा उशिरा झाला.”

येडूनं मान हलवली. “म्हंजी ह्यो रोग मला धा वर्सं हुडकत हुता व्हय?”

“आबा,” विजयमाला म्हणाली.

“आगं, मेंढरामागं हिंडणारा मानूस. त्याला पत्ता कसा घावनार?”

बाई हसल्या नाहीत, पण लिहिता लिहिता थांबल्या. मग विजयमालाकडं वळून त्यांनी सांगितलं की औषधाचे दोन रस्ते आहेत. एक सौम्य. रोग जितके दिवस दबेल तितके दिवस दाबून ठेवायचा. दुसरा कडक, आणि शेवटी त्यांच्याच पेशी काढून घेऊन परत द्यायच्या. त्यानं पुष्कळ वर्षं मिळू शकतात. “पण सत्त्याहत्तरला तो देता येत नाही. शरीर सोसत नाही.”

विजयमालानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सत्त्याहत्तर. आकडा इतका स्पष्ट होता की त्याच्याशी भांडायचं कसं तेच तिला कळेना.

“आ करा,” म्हणून बाईंनी टॉर्च लावला. घसा पाहिला, टॉन्सिल पाहिले. टॉर्च मग हळूच दातांवरून फिरला, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा मागं.

“आजोबा, तुमचे सगळे दात जागेवर आहेत.”

“मोजा की बाई. बाजारात असंच बघत्यात.”

“ह्या वयाला?” त्यांनी कार्ड उचललं, खाली ठेवलं. एक जानेवारी ही तारीख त्यांनी ह्या टेबलावर पुष्कळदा पाहिली होती. “ही तारीख कुणी सांगितली?”

विजयमाला म्हणाली, “कुणीच न्हाय. बघून टाकली.”

“मग खरं वय कुणाला माहीत आहे?”

“आत्याला,” विजयमाला म्हणाली, आणि तिनं तिथंच फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडं शेळी ओरडत होती, त्याहून मोठ्यानं चिमाबाई.

“आत्या, आबा जल्मला कवा?”

“आता कशाला? बारसं घालताय व्हय?”

“आत्या, दवाखान्यातनं बोलतीया. डॉक्टर इचारत्यात.”

पलीकडचा आवाज उतरला. “साल मला काय ठावं बाई. बहात्तरच्या दुष्काळात आमी मेंढरं घेऊन भाइर पडलो, तवा मी घोड्यामागनं चालत हुते. ह्यो घोड्यावर बांदल्याल्या जाळीत, कोकरासंगं बसल्याला.”

“किती मोठा होता?” बाई फोनवर वाकल्या.

“ल्हान. एक बी दात पडला नव्हता त्याचा. आदत हुता की. पडला आसता तर मला ठावं. त्याचे सगळे दात मीच छपरावर टाकल्यात, म्होरल्या वर्सापास्नं.”

बाईंना ‘आदत’ हा शब्द कळला नाही. येडूनं अर्थ खालच्या आवाजात सांगितला, “दुधाच्या दाताचा,” आणि सांगता सांगता त्याचा अंगठा स्वतःच्या खालच्या ओठावर गेला.

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर हिशेब केला. दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात. सदुसष्टचा जन्म, फार तर सहासष्टचा. एकोणसाठ. साठ धरा.

“येड्या,” फोनमधून चिमाबाई म्हणाली, “धाकट्याला फुकट आन् थोरलीला हाफ तिकीट, तवाच मला वाटलं हुतं कायतरी चुकतंय.”

विजयमालानं फोन बंद केला.

“आजो—” बाई थांबल्या. “काका. शरीराच्या तपासण्या ठीक आल्या तर कडक औषध देता येईल. वयाचं मी फाइलवर लिहीन, कार्ड तुम्ही दुरुस्त करून घ्या. पण पाच-सहा महिने जातील. केस जातील, तोंड येईल, फार थकाल. मेंढरांत जायचं नाही. करायचं असेल तर आजच चार नंबरच्या खोलीत रक्त द्या. नसेल तर सौम्य औषध लिहून देते, ते घेऊन गावी जा.”

“आबा,” विजयमाला म्हणाली.

येडू कार्डाकडं बघत होता. त्यावरचा म्हातारा त्याच्याकडं बघत होता. त्या म्हाताऱ्याला आता काही करायचं नव्हतं. मेंढरं देऊन झाली होती, एसटीत खिडकीजवळची जागा मिळत होती, थकव्याशी समझोता झाला होता. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला मात्र हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सोसायचं होतं. तो थकवाही आता वयाचा राहिला नव्हता. तो रोगाचा होता, आणि रोगाला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

तो उठायला लागला. हात सवयीनं गुडघ्याकडं गेला, अर्ध्यावर थांबला, परत आला. खुर्चीच्या पाठीला धरून तो उभा राहिला. टोपी घातली. विजयमालानं कार्ड पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही.

बाहेर डाव्या हाताला फाटक होतं, त्यापलीकडं रस्ता, एसटी. उजव्या हाताला चार नंबरच्या खोलीपुढं बाकं होती. येडू दारातून बाहेर पडला आणि उजवीकडं वळला.