बर्फातली लाट आणि रामराव कंडक्टर

रामरावांनी बीदर-हैदराबाद गाडीवर कंडक्टरकी केली ती सगळी उभ्यानं. त्यामुळं निवृत्तीनंतर काय करणार असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "बसणार." नुसतं बसणार, पुढं काही नाही. विहाराच्या कमिटीनं सेक्रेटरी व्हा म्हटलं, तेव्हाही त्यांनी आधी एवढंच विचारलं, "त्यात उभं ऱ्हावं लागतं का?"

आणि आता ते बसले होते, पण भर एप्रिलच्या दुपारी, लॅपटॉपसमोर, अंटार्क्टिकाच्या लाटा बघत.

काम लेकीचं, रूपालीचं. हैदराबादच्या एका संस्थेसाठी ती ते घरूनच करायची. तिकडं बर्फात खोल भोक पाडून यंत्र सोडतात. यंत्राच्या एका टोकातून आवाज निघतो, बर्फातून जातो आणि दुसऱ्या टोकाला पोचतो. पडद्यावर त्या आवाजाची लाट उमटते; ती जिथं उठते तिथं खूण करायची आणि पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. वरच्या बर्फातले स्फटिक गाडीच्या टपावरच्या बोचक्यांसारखे कसेही पडलेले असतात. खोलवर मात्र वजनाखाली दबून दबून ते एका दिशेला वळतात आणि त्या दिशेनं आवाज जरा जास्त वेगानं जातो. रूपालीला असा एक जाड थर सापडला होता. संगणकानं आपोआप केलेल्या खुणांत मात्र तो दिसत नव्हता. संस्थेतले सर म्हणाले होते, "दुसऱ्या माणसाकडून खुणा करून घे. तुझ्याशी जुळल्या तर छापू, नाहीतर तो थर विसर."

दोन वर्षं डोळे शिणवून सापडलेला थर विसरायचा कसा? पण दुसरा माणूस तरी कुठून आणायचा? सोबत हेच काम करणारी मुलगी लग्न करून गेली होती. घरात रिकामे फक्त रामराव होते, आणि रिकाम्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

"अप्पा, ही रेघ सपाट हाय न्हवं? ती पहिल्यांदा उचलते तिथं खूण करा. गाडी हलली तिथं. पळायला लागली तिथं न्हाई."

"सोपं हाय की."

तासाभरात ते सोपं राहिलं नाही. डोळ्यांतून पाणी, कमरेत कळ. याच्यापेक्षा उभं राहणं बरं होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"एवढ्या लाटा? बर्फाला दुसरं काम न्हाई का?"

"तुमाला तरी कुठं हाय?" त्यांची बायको शोभाबाई आतून म्हणाल्या.

आठवडाभर असं चाललं आणि मग अचानक काम संपलं. रूपालीनं खुणा ताडून बघितल्या. एकूण एक जुळल्या. चहा संपेपर्यंत ती खूश होती. मग तिला एक लाट दिसली. तिथं यंत्राच्या दोरीला हिसका बसला होता आणि तिनं स्वतः भलत्याच जागी खूण केली होती. रामरावांचीही खूण नेमकी त्याच भलत्या जागी. पुढची चूकही तशीच.

"अप्पा, माझं बघून केलाव?"

रामरावांनी पंख्याकडं बघितलं. करंट गेलेला होता, पंखा बंद होता, तरी बघितलं.

"बटन दाबलं की तुझी खूण दिसायलती. जुळलं न्हाई तर सगळं वाया, असं तूच म्हणलीस. मी कामून वाया घालू?"

"बिनतिकिटाच्याला कधी सोडलाव व्हय?"

"सख्ख्या साडूला जहीराबादला उतरवलं मी."

"मग मला कामून सोडायलाव?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रागवायलाही थोडी ताकद लागते. ती तिथंच फरशीवर आडवी झाली. रामरावांनी लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

"पुसून टाक माझं," ते म्हणाले. "आन् तुझं लपवून ठेव. माझा भरवसा न्हाई."

परत पहिल्या लाटेपासून सुरुवात झाली. या खेपेला फार दिवस लागले. शोभाबाईंनी टोमणे मारणंही सोडून दिलं.

थराचा वरचा निम्मा भाग जुळला. खालचा जुळला नाही. तिथं रूपालीच्या खुणा रेघ उचलायच्या जरा आधीच होत्या, सगळ्या आधी, म्हणजे आवाज जास्त वेगानं पोचल्यासारख्या, जशा तिला हव्या होत्या तशा. तिनं एकेक लाट मोठी करून बघितली. रेघ सपाटच होती.

"अर्धाच थर हाय," ती म्हणाली. "सरांना तसं कळवते."

"खालचं परत बघू का? माझे डोळे थकले असतील."

"तुमचं बरोबर हाय, अप्पा. थोडं सरका."

ती त्यांच्या शेजारी बसली आणि आपल्या खालच्या खुणा पुसायला लागली.