चौथ्या इमारतीतलं पाणी

वसाहतीतली मुलं अकबोपेला भिंतीतली मावशी म्हणत. लिफ्ट अडकली, दार उघडेना, खोली गार पडली, की माणसं भिंतीवरचं बटण दाबत आणि तळघरातल्या खोलीतून अकबोपेचा आवाज येई, "घाबरू नका, दिसतंय मला."

आणि तिला खरंच दिसायचं. कझाकस्तानच्या राजधानीच्या, अस्तानाच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या त्या नऊ इमारतींचा सगळा कारभार तिच्यासमोरच्या तीन पडद्यांवर होता. कोणत्या घरात किती ऊब आहे, कुठला नळ चालू आहे, कुठे धूर निघालाय, सगळं. इमारती एकमेकींना कळवत आणि शहराच्या उष्णता केंद्रालाही कळवत. माळावरून वारा सुटला, की घरं गारठायच्या आधीच पाइपांतलं गरम पाणी वाढायचं. बाहेर उणे पस्तीस असताना आत माणसं गंजिफ्रॉकवर चहा पीत बसत. मोठमोठे पाहुणे बघायला येत आणि साहेब त्यांना सांगत, उद्या सगळं शहर असंच एकमेकांशी बोलणार. अकबोपेला त्याचा अभिमान वाटे. जुन्या बॉयलरघरात कोळशाच्या धुरात तिने बावीस वर्षं काढली होती. आता त्रेचाळिसाव्या वर्षी स्वच्छ खुर्चीत बसून ती पाच हजार माणसांना ऊब पुरवत होती.

त्याच वर्षी वसंतात बर्फ एकदम वितळलं, नदी गावात शिरली आणि तिच्या माहेरचं घर, गोठा, सगळं घेऊन गेली. पूरग्रस्तांना या वसाहतीत घरं मिळाली. अकबोपेची आई झिलिखा हिला चौथ्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर एका खोलीचं घर मिळालं.

"माझ्याकडे चल, अपा," अकबोपे आईला म्हणाली होती. तिचं घर शहरातच, नदीपलीकडे होतं. नवरा, सासू आणि ती.

"मुलीच्या सासरी?" झिलिखा उसळली. "तुझ्या सासूच्या किटलीतला चहा पिऊ? पुरात घर गेलं पोरी, अक्कल नाही गेली."

झिलिखाचा मुलगा केंझेताय दूर खाणीवर कामाला होता आणि तिथे सहा माणसांत एक खोली वापरत होता. तेव्हा झिलिखा एकटीच राहिली. तिने भिंतीला गालिचा लावला, खिडकीत दह्याचे गोळे वाळत घातले आणि भिंतीवरच्या बटणाशी भांडण मांडलं.

"तू बोलतेस खरी, पण तोंड कुठे आहे तुझं?"

"खाली आहे, अपा. कामावर."

"मग कामावरून वर ये. भिंतीला काय चहा पाजू?"

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी त्या इमारतींत एक सोय होती. सकाळी नऊपर्यंत घरातला एकही नळ उघडला नाही, तर पडद्यावर पिवळी खूण उमटे आणि कुणीतरी जाऊन दार वाजवे. झिलिखाची खूण रोज उमटायची. तिने जन्मभर हापशावरून पाणी आणलं होतं. रात्रीच घागर, किटली आणि वजूचं तांब्याचं भांडं भरून ठेवायची. सकाळी नळाला हात लावायची गरजच पडत नसे. नळ दुरुस्त करणारा म्हातारा तुरार अगा रोज तिचं दार वाजवून वैतागला.

"तुझी आई जिवंत आहे," तो खाली येऊन सांगे. "आज माझ्या टोपीला नावं ठेवली."

शेवटी अकबोपेने आईला विनवलं, "सकाळी उठल्यावर एकदा नळ सोडत जा. मला खाली निळा ठिपका दिसतो. तू बरी आहेस एवढं कळतं."

झिलिखाला ते पटलं. मग रोज साडेसहाला ठिपका उमटू लागला. अकबोपे डबा ठेवायच्या आधी पडद्याकडे बघे, आणि ठिपका दिसला की तिचा दिवस सुरू होई.

एकदा म्हातारी नळ बंद करायला विसरली. पाणी अखंड वाहतंय म्हणून लाल खूण आली आणि अकबोपे पाच मिनिटांत धापा टाकत वर पोचली. झिलिखा तिला बघून हरखली. बौरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि लोणी पुढे ठेवत म्हणाली, "म्हणजे पाणी सोडलं की तू येतेस? आधी का नाही सांगितलंस?"

अकबोपे हसली. तेव्हा हसायला काही वाटलं नाही.

पण शरद ऋतू सरेपर्यंत लाल खूण आठवड्यातून दोनदा येऊ लागली. कधी म्हातारीला स्वप्न सांगायचं असे, कधी मांस शिजलेलं असे. कधी नुसतंच, "बस जरा." एकदा वाहिलेलं पाणी खालच्या घराच्या छतातून झिरपलं. तिथल्या बाईने आरडाओरडा केला आणि पाळीवरची मुख्य रायखान हिने अकबोपेला बाजूला घेतलं.

"आई आहे, समजतं मला. पण वरचे लोक विचारतात की लाल खूण सारखी हिच्या आईच्याच घरची कशी येते, आणि दर वेळी हीच कशी वर जाते? पुढच्या वेळी मला लिहून द्यावं लागेल."

त्या सोमवारी अकबोपे वर गेली ती कोट न काढताच दारात उभी राहिली.

"अपा, हा खेळ बंद. माझी नोकरी जाईल. यापुढे पाणी वाहिलं तर मी येणार नाही. खालूनच बंद करून टाकीन."

झिलिखा चहा गाळत होती. तिने कप खाली ठेवला.

"कर बंद. माझी विहीर थोडीच आहे?"

अकबोपे तशीच वळली.

मंगळवारी साडेसहाला निळा ठिपका आला. पावणेदहाला लाल खूण आली. चौथी इमारत, सहावा मजला, स्वयंपाकघरातला नळ. अकबोपेच्या कानशिलात रक्त चढलं. तिने 'पाहिलं' या बटणावर बोट दाबलं. खूण गेली. दहा मिनिटांनी पुन्हा आली. तिने पुन्हा दाबलं.

"मी जाऊन येऊ का?" तुरार अगाने विचारलं. तो कोपऱ्यात बसून एका झडपेची रबरी चकती बदलत होता.

"नको, अगा. तिला तेच हवंय."

तिसऱ्यांदा खूण आली तेव्हा तिने त्या घराचं पाणीच बंद केलं. पडद्यावर अख्खं घर राखाडी झालं. आता अपा भिंतीचं बटण दाबून शिव्या घालेल, असं तिला वाटलं. ती वाटच बघत होती. शिव्या घातल्या की आपणही जरा नमतं घेऊ, असं तिने मनात ठरवलंही. पण भिंत काही बोलली नाही. रुसली असेल, बसू दे, म्हणत ती कामाला लागली. संध्याकाळी पाळी संपल्यावर ती चौथ्या इमारतीसमोरूनच बसथांब्याकडे गेली. सहाव्या मजल्यावर दिवा नव्हता. लवकर झोपली असेल, असं तिला वाटलं.

बुधवारी पिवळी खूण आली नाही. पाणी बंद केलेल्या घरासाठी ती खूण उमटतच नसे, हे अकबोपेला ठाऊक होतं. पण सकाळी तिच्या ते ध्यानातच आलं नाही. खोलीचं तापमान बावीस दाखवत होतं. सगळं ठीक होतं. अकराला तिचा राग ओसरला. तिने कॅन्टीनमधून मधाचा केक घेतला आणि वर गेली. दार वाजवलं, हाक मारली, मग तळघरातली चावी आणून उघडलं.

झिलिखा ओट्याखाली कुशीवर पडली होती. किटलीचं झाकण तिच्या हाताजवळ होतं आणि फरशी केव्हाच वाळली होती. घर छान उबदार होतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तपासलं आणि हातमोजे काढत म्हणाली, "मेंदूत रक्तस्राव झालेला दिसतो. काल सकाळी पडल्या असाव्यात."

"लगेच गेली?"

डॉक्टर हातमोजे पिशवीत कोंबू लागली.

"विचारतेय मी. लगेच गेली का?"

"नाही," ती खाली बघत म्हणाली. "दुपारपर्यंत तरी होत्या. कदाचित संध्याकाळपर्यंत."

अकबोपे रडली नाही. आईच्या अंगाखालची ओली होऊन वाळलेली ओढणी ती सोडवत राहिली. तुरार अगाने तिचे हात धरून बाजूला केले तेव्हाच ती थांबली.

दुसऱ्या दिवशी रायखानने तिला खोलीत बोलावून दार लावलं. यंत्रात सगळी नोंद होती. किती वाजता खूण आली, कुणी 'पाहिलं' म्हटलं, पाणी कुणी बंद केलं.

"सहाच ओळी आहेत," रायखान हलक्या आवाजात म्हणाली. "मी काढून टाकते. चौकशीला बिघाड झाला म्हणून सांगू. कुणी विचारणार नाही."

"बिघाड नव्हता."

"बोपे, तुझ्या भल्याचं सांगतेय."

"इमारतीने मला तीनदा सांगितलं, रायखान. तिच्यावर खोटा आळ घालू नकोस. राहू दे तसंच."

दफन गावाकडच्या टेकाडावर झालं. पुराचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं. बायका कबरीपर्यंत जात नाहीत, म्हणून अकबोपे एका नातलगाच्या घरात बायकांमध्ये बसून राहिली. पुरुष परतले तेव्हा त्यांच्या बुटांना गोठलेली माती होती.

सातव्या दिवसाचं जेवण उरकल्यावर तिने भावाला अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं. केंझेताय ऐकत राहिला. तीस वर्षांचा दणकट गडी, डोळ्यांखाली कोळशाच्या रेघा.

"म्हणजे ती पडली होती, आणि तू पाणी तोडलंस?"

"हो."

"आणि त्या खोलीत बसून राहिलीस."

"हो."

"कशाला सांगितलंस, ताई?" तो म्हणाला. "मला आयुष्यभर माहीत नसतं तरी चाललं असतं."

तो त्याच दिवशी खाणीवर निघून गेला.

चौकशीत अकबोपेला कामावरून काढलं नाही. ताकीद दिली, आणि नियम केला की एकट्या माणसाच्या घरचं पाणी कुणीतरी वर जाऊन बघितल्याशिवाय तोडायचं नाही. नवरा म्हणाला, सोड ती नोकरी, तिथे तुला श्वास कसा घेता येतो? तिने सोडली नाही. लाल खूण आली की ती स्वतःच जिने चढते. लिफ्टची वाट बघणं तिला सहन होत नाही. बहुतेक वेळा नळ उघडा राहिलेला असतो, किंवा कुणी अंघोळ करत असतं आणि दार उघडून तिलाच झापतं. ती माफी मागते आणि खाली येते. सातव्या इमारतीतल्या एका म्हातारीने तिला एकदा चहाला थांबवलं. अकबोपे उंबऱ्यातच उभी राहिली, मग म्हणाली, पाळी आहे, आणि निघाली.

अपाला वर्ष झाल्याचं जेवण पुढच्या हिवाळ्यात झालं. त्याचं बोलावणं केंझेतायने तिच्या नवऱ्याला फोन करून दिलं. अकबोपे दोन दिवस आधी जाऊन पीठ मळत बसली, मांस चिरत बसली. चाळीस माणसं आली. कुराण वाचून झालं, अपाच्या तिखट जिभेच्या गोष्टी निघाल्या, माणसं डोळे पुसत हसली. ताटं वाढताना अकबोपे भावासमोर आली आणि तिने ताट पुढे केलं. केंझेतायने मान वर केली नाही. शेजारी बसलेल्या चुलत्याने ते ताट तिच्या हातातून घेतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. मग ती पुढच्या माणसाला वाढायला गेली.