कोरड्या विहिरीची घागर

आमच्या खानदेशात, चोपड्याकडे, अमावस्येला मोट धरत नसत. बैलांना विसावा आणि विहिरीला झिरपून भरायला वेळ. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी गावातलं पहिलं तेलाचं इंजन आणलं आणि मला वाटलं, आता कसली अमावस्या!

माझी थोरली बहीण, अक्का, विधवा होऊन माहेरी आली होती. वडिलांनी तिला केळीच्या चाळीस खोडांचा तुकडा दिला होता. विहीर एकच, दोघांची. त्या चैत्रातल्या अमावस्येला ती इंजनाजवळ आली.

"भाऊ, आज तरी बंद ठेव."

"इंजन काय बैल शे का, अक्का? ते थकस का?"

"इंजन नही थकस." तिनं विहिरीकडे बोट केलं. "हिर थकस. पानी आपलं नही शे, देवनं शे. तो देस, आपण काढतस."

"मग त्याले सांग, जरा जास्त दे!" मी हसलो आणि हँडल फिरवलं.

दुपारी नळातून गाळ आला, मग नुसती हवा. इंजन धकधकत राहिलं. मी ते बंद केलं तेव्हा विहिरीतून कुणीतरी श्वास आत ओढावा तसा आवाज आला. त्यानंतर पाण्याचा थेंब दिसला नाही.

गावानं विचारलं, असं कसं झालं? घराबाहेर पडलो नव्हतो असं मी सांगितलं. पुढे माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्कानं अमावस्येला घागर सोडली." विधवा बाई, अमावस्या, गावाला तेवढं पुरलं. इंजनाचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, तरी कुणी काही बोललं नाही. गावातला एकुलता इंजनवाला मी होतो, मला कोण दुखावणार? दुसऱ्या दिवसापासून गावातल्या कुठल्याच विहिरीवर तिला उभं करेनात.

ती मला एवढंच म्हणाली, "मी आपलीच हिरवर जासू. तो देई."

ती रोज भर दुपारी जाई. चौथ्या दिवशी मी मागोमाग गेलो. काठावरून वाकून पाहिलं. तळाला गाळ भेगाळलेला होता. अक्कानं दोर सोडला. मातीवर पितळ आपटल्याचा आवाज यायला हवा होता. आला तो घागर बुडताना येतो तो, बुडबुड बुडबुड. दोर ताणला गेला. वर आली तेव्हा घागर काठोकाठ भरलेली होती, थंडगार.

ती गेल्यावर मी पायऱ्यांनी तळाशी उतरलो. गाळ कोरडा होता. घागरीचा ठसासुद्धा नव्हता.

माझी बाग वाळली. तिची चाळीस खोडं मात्र त्या घागरीच्या पाण्यावर उभी राहिली. आता गाव तिला जास्तच घाबरू लागलं.

वैशाखात एकदा मी तिच्या दारात पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून दिला.

"पी, भाऊ. तुन्हं बी शे त्यात. फक्त गावले खरं सांग."

"उद्या सांगतो," म्हणालो.

मी ते पाणी प्यालो. सांगितलं मात्र नाही. पुढच्या पावसानं विहीर भरली, पण अक्का वारेपर्यंत गावानं तिला दुसऱ्या कुठल्याच विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. तेराव्यानंतर मी तिची घागर त्याच विहिरीत सोडली. दहा हात पाणी डोळ्यांना दिसत होतं. घागर खणकन वाजली आणि कोरडी वर आली.

ती घागर माझ्याकडे आहे. म्हणून लिहितो: अमावस्येला इंजन मी चालवलं. अक्का त्या दिवशी विहिरीवर आली होती ती मला थांबवायला.