पंडितनानाची फौज

आमच्या पंडितनानाला देवाने माणूस म्हणून का घडवलं, सरळ खाट म्हणून का नाही, हे कोडं मला लहानपणापासून पडलं आहे. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात त्याला कामाला हात लावताना कुणी पाहिलेलं नाही. तो माझा थोरला चुलतभाऊ, म्हणून नाना म्हणायचं. बाकी मान द्यावा असं त्याने काही केलेलं नाही.

शेत लतावहिनी बघते. मजूर बायका गोळा करणं, कापूस वेचणं, म्हशीचं दूध काढून डेअरीवर घालणं, सगळं तिच्याच अंगावर. नाना ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणार, "काय मंग, पानी पडी का?"

मग जळगावात दिलेल्या लेकीने, मयुरीने, त्याला आपला जुना फोन दिला. जावयाने त्यात एक गेम टाकून दिला आणि म्हातारपणी नानाला आयुष्याचा धंदा सापडला.

एका रंगाचे तीन खडे ओळीत लावले की फुटतात. ते फुटले की वर उभी असलेली फौज राक्षसांना बडवते. पण खरी गंमत पुढेच आहे. फोन खिशात टाकून झोपलात तरी फौज आपली लढतच राहते आणि उठून पाहावं तर सोन्याची पेटी भरलेली! नाना हे इतक्या कौतुकाने सांगत होता की मला हसू आवरेना. अरे बाबा, लग्न झाल्यापासून तू दुसरं काय केलंस?

वहिनीचा गुडघा कधीचाच गेला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, पण नंतर घरी रोज कुणीतरी धरून चालवायला हवं, नाहीतर पाय आखडेल. वहिनी म्हणाली, चला. नाना म्हणाला, "सकाय जाऊत." तो उद्या काही उजाडेना.

एकदा मी ओट्यावर बसलो होतो. फोन किणकिणला आणि नानाच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"राणी थकी गयी. तिले आराम देना पडी."

राणी म्हणजे त्याच्या फौजेतली भालेवाली. तिला तंबूत निजवलं, औषध पाजलं. त्याच वेळी मागे वहिनी भिंत धरत धरत दुधाची कॅन नेत होती. तो फोन म्हशीच्या हौदात भिरकावून द्यावा असं मला वाटलं. मी कॅन घेतली आणि डेअरीवर गेलो.

शेवटी वहिनीने मयुरीला फोन करून तारीख ठरवली. गाडी मी काढली. नानाही आला, नाही म्हणत नाही. दवाखान्यात खिडकीजवळची खुर्ची धरून बसला, तिथे रेंज चांगली होती. आत नेताना वहिनीने त्याला एवढंच विचारलं, "घर गयावर माले धरशात ना?"

"हा, हा," नाना म्हणाला. त्या दोन शब्दांवर विसंबून बाई ऑपरेशनला गेली.

घरी सोडायच्या दिवशी मयुरीही जळगावहून आली होती. नर्स आली. काखेत हात कसा घालायचा, उठवायचं कसं, ते तिने दाखवलं. "घरी कोण करणार?" तिने विचारलं. वहिनीने नानाकडे बोट केलं.

"या आबा, एकदा उठवून दाखवा."

नानाने मान वर केली नाही. "थांब वं बाई, दोन मिनिट. राणी मरी जाई."

वहिनी पलंगावरून पाय सोडून बसली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती लेकीला म्हणाली, "मयुरी, तुना घर ली चाल माले."

मयुरीने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. खुर्चीजवळून जाताना वाट मिळावी म्हणून नानाने पाय तेवढे आत घेतले.

गाडी फाटकाबाहेर निघाली तेव्हा तो फोन हातात धरून मागे पळत आला. "अरे, मी राही गऊ!"

वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. मी गाडी थांबवली नाही.