धाकूदादाची खाचेची करवंटी

“भुंका, मास्तर, भुंका!” अख्खी होडी ओरडत होती. रेवदंड्याची खाडी निम्मी ओलांडली होती, नावाड्याने हसता हसता वल्हं सोडलं होतं आणि मागच्या फळीवर धाकूदादा बसला होता. मी आज खरं सांगणार म्हणून तो मुद्दाम आला होता. दीड महिन्यापूर्वी तो वारल्याचं कळलं, तेव्हा कानात आधी ती आरोळीच आली…

धाकूदादाचं माडीचं दुकान धक्क्याला लागून. मुंबईची आगबोट चुकलेले आणि नागावहून किनाऱ्याकिनाऱ्याने काशीदकडे चालत निघालेले, सगळे तिथे टेकायचेच. होडीत कुत्रं घ्यायचं नाही हा नावाड्याचा नियम, आणि कुत्र्याशिवाय त्या वाटेला लागतो कोण? माणसं पलीकडे जात, कुत्री धाकूदादाकडे राहत. एकदा मी मोजली तर चाळीस भरली. खरं म्हणजे सात, पण भुंकत होती चाळिसांइतकी. माणसाला माडी करवंटीत, कुत्र्याला पेजही करवंटीत; मात्र कुत्र्याच्या करवंटीला तो कोयत्याने खाच पाडायचा आणि ती परसात वेगळी ठेवायचा. माझ्या मोत्याला आधी वाढायचा. “मास्तर, तुमी थांबा. तो वाळूत चार पाय भाजून आलाय, तुमी दोनच.”

असल्या माणसावर मी गोष्ट रचली. होडीत वेळ जाईना, म्हणून सांगितलं की त्याच्या करवंट्यांची अदलाबदल होते. एकदा खाचेची माझ्या तोंडाला लागली आणि मी पलीकडच्या कोर्लईपर्यंत भुंकत गेलो. होडी कलंडायचीच राहिली. मग दर खेपेला फर्माईश, दर खेपेला मी थोडं वाढवायचो. पण हसून झाल्यावर लोक विचार करू लागले… कुत्र्याचं उष्टं! दोन महिन्यांत दुकानातली बाकं रिकामी.

धाकूदादा रागावला नाही. “मास्तर, लोक तुमचंच ऐकतात. होडीत एकदा सांगा, ते खोटं हाय म्हणून. दुकान उठलं तर या वयात मी काय करू?” मी मोत्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. होडीत उभा राहिलो, “मंडळी…” म्हणालो, आणि ती आरोळी उठली. वीस तोंडं हसायला उघडून तयार होती. मला ती मिटवेनात. मी भुंकलो. असा भुंकलो, की धक्क्यावरून मोत्याने ओ दिली. धाकूदादा पलीकडे उतरलाच नाही. त्याच होडीतून परत गेला.

पावसाआधी दुकान बंद झालं. पन्नाशी उलटलेला तो माणूस दुसऱ्यांच्या माडांवर मजुरीने चढू लागला. मी त्याचं तोंड चुकवायला होडी सोडून रोह्याचा वळसा घालून जाऊ लागलो. हे मात्र तिखटमीठ न लावता सांगतो.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. वहिनी अंगणात झावळ्या विणत होत्या. चुकलो म्हणालो, पुन्हा पुन्हा म्हणालो, आणि शेवटी न राहवून विचारलं, “दादा माझ्याबद्दल कधी काही म्हणायचा का?”

“न्हाय,” वहिनी म्हणाल्या. “तुमचं नाव कधी निघालं न्हाय.”