अफिफाची गादी

नबीभाई पिंजाऱ्याबद्दल धर्मपालला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात दोघांची दारं समोरासमोर. सकाळचा चहा नबीभाईकडे, थोडी थट्टा, एवढीच ओळख. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. खेड्यांतले लोक घरचाच कापूस आणून गाद्या भरून घेत, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या नबीभाईची पिंजण दिवसभर वाजत असे.

नात अफिफाचा निकाह ठरला. सासरी जाणारी गादी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या हातांनी भरायची, ही त्यांच्या घरची रीत. नबीभाईनं ती हौसेनं भरली. मग एका सकाळी धर्मपाल चहाला गेला, तर म्हातारा तीच गादी उसवून कापूस अंगणभर उधळत होता.

"काहून उसवली, भाऊ?"

"पावने येऊन राहिले. तू कोन?"

नबीभाईचा मुलगा सरफराज म्हणाला, "अब्बा गेले कामातून. गादी आता बाजारातून आनू."

"मले बाजारची नाई पायजे," अफिफा रडू लागली.

सून यास्मीन तेवढी सावध होती. "कालपासून सारखे मोरीकडं जातात. जळजळते म्हनतात. अंगबी गरम हाये."

धर्मपालनं रिक्षा आणली. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि ते हसले. "संसर्ग लघवीत आहे, गोंधळ डोक्यात. तरुणाला नुसता ताप आला असता. उतारवयात मेंदूतले राखणदार, म्हणजे तिथल्या रक्षक पेशी, आधीच चिडखोर झालेले असतात. अंगात कुठंही आग लागली, की तेही भडकतात. आग विझली की बहुतेक वेळा निवतात. धीर धरा."

औषध सुरू झालं. धर्मपाल रोज सकाळी विचारी, "भाऊ, मी कोन?" कधी उत्तर येई "तलाठी", कधी "नवरदेवाचा मामा". ताप उतरला, तरी गोंधळ काही दिवस रेंगाळला. निकाह जवळ आला तशी अफिफा बरोबर उत्तराची वाट बघत दाराशी उभी राहू लागली.

एका सकाळी म्हाताऱ्यानं अंगणातून गोळा केलेल्या ढिगाकडं पाहिलं. "हा कापूस कोन्या गाढवानं उसवला बे?"

"तुमीच, दादाजी!" अफिफा हसता हसता रडली.

"मंग चांगलंच केलं. गाठी राह्यल्या होत्या त्यात." आणि पिंजण वाजू लागली. निकाहात नवऱ्या मुलीपेक्षा गादीचीच तारीफ जास्त झाली.

पुढं धर्मपाल मुलाकडं बडनेऱ्याला राहायला गेला. पुन्हा भेट झाली नाही. निघताना त्यानं सवयीनं विचारलं होतं, "भाऊ, मी कोन?"

"फुकटचा चहा पेनारा. बस, ठेवतो."

"गाडी हाये ना, भाऊ."

"मंग अर्धाच घे."